उपवास आणि अर्धशिशी : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या इतिहासाचा अभ्यास गोंड राजवट, जंगल, जमीनमहसूल आणि दुष्काळ या अंगांनी बराच झालेला आहे. आरोग्याच्या इतिहासाचा विचार होतो तो मुख्यतः साथींच्या संदर्भात. याचे कारण साधनांमध्येच आहे. ब्रिटिश काळात मध्य प्रांतातील गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वर्दी पोलीस ठाण्यात देत असे व मृत्यूचे कारण ठरावीक रकान्यांत पडत असे : पटकी, देवी, ताप, हगवण, इजा आणि ‘इतर’. माणूस मेला तरच तो या नोंदीत येई. डोकेदुखीने कोणी मरत नाही. त्यामुळे जी व्यथा महिन्यातून चार दिवस माणसाला, विशेषतः बाईला, अंधाऱ्या खोलीत पाडून ठेवते, तिला सरकारी दप्तरात रकाना मिळाला नाही. १९०९ साली नेल्सन यांनी संपादित केलेल्या चांदा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये पिकांची, जातीजमातींची, जंगलाची माहिती विपुल आहे. अर्धशिशीचा इतिहास मात्र अशा ग्रंथांत शोधून चालत नाही. तो वैद्यकग्रंथांत, धर्मशास्त्रात, लोकोपचारांत आणि चक्क एका आत्मचरित्रात शोधावा लागतो.

हा शोध घ्यावासा वाटण्यास वर्तमान कारण आहे. गेल्या काही वर्षांत ‘इंटरमिटंट फास्टिंग’ म्हणजे दिवसातील ठरावीक तासांतच जेवून उरलेला काळ उपाशी राहण्याची पद्धत शहरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे. वजन आणि मधुमेह यांबरोबर ‘मायग्रेन’वरही ती गुणकारी असल्याचे सांगितले जाते, आणि सांगताना ‘आपल्या पूर्वजांना हे ठाऊकच होते’ अशी पुस्ती जोडली जाते. पूर्वजांना नेमके काय ठाऊक होते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. परंपरेने उपवासाला अनेक रोगांवरचा उपाय मानले हे खरे. परंतु अर्धशिशीच्या बाबतीत तिची साक्ष बहुतांशी उलट बाजूची आहे, आणि उपवासाने डोकेदुखी जाते हा विचार आपल्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभी एका वेगळ्याच वाटेने आला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वैद्यक आणि व्रत

आयुर्वेदात उपवासाला स्थान आहे, पण ते एका मोठ्या कल्पनेच्या पोटात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील बाविसाव्या अध्यायात ‘लंघना’चे दहा प्रकार सांगितले आहेत. वमन, विरेचन, निरूह बस्ती व नस्य ही चार शोधने. शिवाय तहान सोसणे, वारा, ऊन, पाचन, उपवास आणि व्यायाम. शरीर हलके करणारे ते लंघन. म्हणजे उपवास हा दहांतील एक आणि तोही सर्वांसाठी नव्हे. त्याच अध्यायात लंघनाचा अतिरेक झाल्याची लक्षणे दिली आहेत : सांधे फुटल्यासारखे दुखणे, तोंडाला कोरड, भूक नाहीशी होणे, दृष्टी व श्रवण दुबळे होणे, मनाचा गोंधळ.

याहून महत्त्वाची गोष्ट सतराव्या अध्यायात आहे. ‘कियन्तःशिरसीय’ या नावाच्या या अध्यायात चरक शिरोरोगांचे पाच प्रकार सांगतात व वातज शिरोरोगाची कारणे मोजतात. मोठ्याने व अति बोलणे, जागरण, थंड वारा, वेगांचा अवरोध, आघात, शोक, भय, ओझे वाहणे, फार चालणे ही त्यांतील काही. आणि याच यादीत उपवासाचे नाव स्पष्टपणे आलेले आहे. ओझे, चाल, जागरण आणि उपवास एकाच श्लोकसमूहात एकत्र येतात, हे ध्यानात ठेवावे. पुढे धानाच्या बांधीत ते पुन्हा एकत्र भेटणार आहेत.

ज्याला आपण अर्धशिशी म्हणतो तो विकार ‘अर्धावभेदक’ या नावाने चरकाच्या सिद्धिस्थानात येतो. मान, भुवई, शंखप्रदेश, कान, डोळा आणि कपाळ यांच्या अर्ध्या भागात तीव्र वेदना हे त्याचे वर्णन. कारणांत रूक्ष अन्न आहे आणि आधीचे पचण्यापूर्वी पुन्हा खाणे, म्हणजे अध्यशनही आहे. तेव्हा चरकाची साक्ष एकतर्फी नाही, हे कबूल केले पाहिजे. अवेळी आणि अति खाणाऱ्यालाही अर्धशिशी होते, असे त्याचे म्हणणे आहे. सुश्रुताने उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग मानले. सूर्याबरोबर वाढणारा व मावळतीला शमणारा ‘सूर्यावर्त’ हा त्यांतील एक. सूर्यावर्त आणि अर्धावभेदक या दोहोंसाठी त्याने सांगितलेला आहार पाहिला तर दूधभाताचे प्रकार, तूप आणि जांगल प्राण्यांचे मांस असा तो स्निग्ध आणि पोटभर आहे. ‘अनंतवात’ या तिसऱ्या शिरोरोगात तर संयाव, घृतपूर अशी तुपातली गोड पक्वान्ने सांगितली आहेत. डोके दुखणाऱ्याला उपाशी ठेवा, असा या उपचाराचा सूर नाही.

मग व्रतांचे काय? येथे महाराष्ट्राच्या इतिहासातील एक व्यक्ती आपोआप समोर उभी राहते. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याच्या नावावर चंद्रपूरपासून कोकणापर्यंतची बिनचुन्याची जुनी दगडी देवळे लोकांनी सरसकट जमा केली, त्याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा धर्मशास्त्राचा प्रचंड निबंधग्रंथ रचला. त्यातील व्रतखंड म्हणजे व्रतांचा महासागर आहे. तिथी, वार, नक्षत्र यांनुसार इतकी व्रते त्यात आहेत की ती सगळी पाळणाऱ्याला जेवायला दिवस उरला नसता. आणि याच हेमाद्रीने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीकाही लिहिली. एका हाताने उपवासांची यादी आणि दुसऱ्या हाताने लंघन कोणाला द्यावे व कोणाला देऊ नये याचे विवरण करणाऱ्या या पंडिताला दोहोंत विरोध वाटला नाही. कारण धर्मशास्त्राने स्वतःच सोय करून ठेवली होती. पाणी, मुळे, फळे, दूध, हविर्द्रव्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, हे प्राचीन वचन निबंधकारांना परिचित होते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या पाचव्या खंडात व्रतांची जी विस्तृत चर्चा केली आहे, तीतून अशक्त व रोगी यांना दिलेल्या सवलतींची कल्पना येते. औषधाने व्रत मोडत नाही, ही गोष्ट पोथीत राहिली आणि घराघरांतील सासूपर्यंत पोहोचली नाही, असे म्हणावेसे वाटते. उपवासाच्या दिवशी डोकेदुखीची गोळीही न घेणाऱ्या स्त्रिया आजही सर्वत्र आढळतात.

लोकोपचाराची साक्ष

अर्धशिशीवर महाराष्ट्रात आणि उत्तरेकडेही सर्वांत प्रसिद्ध घरगुती उपाय कोणता, असे विचारले तर उत्तर एकच मिळते : सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाणे. जिलेबी हा पदार्थ पश्चिम आशियातून मध्ययुगात भारतात आला, त्यामुळे हा उपाय आजच्या स्वरूपात फार प्राचीन नव्हे. परंतु सुश्रुताच्या घृतपूराची आठवण व्हावी इतके त्याचे साधर्म्य आहे. दोन्ही तुपातली, दोन्ही गोड. थेट परंपरा सिद्ध करता येणार नाही. पण लोकांचे निरीक्षण कोणत्या दिशेचे होते ते यातून कळते. सूर्य वर चढण्याआधी, म्हणजे रात्रभराच्या उपाशीपणानंतर ठणका सुरू होण्यापूर्वी, पोटात काहीतरी गोड आणि स्निग्ध गेले पाहिजे. हा उपवासाचा नव्हे, तर उपवास लवकर सोडण्याचा उपचार आहे. जिलेबीने अर्धशिशी बरी होते असा याचा अर्थ नाही. इतिहासकाराला येथे परिणामापेक्षा समज महत्त्वाची.

आधुनिक संशोधन या समजुतीच्या बऱ्याच जवळ येते. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणात ‘उपवासजन्य डोकेदुखी’ हा स्वतंत्र प्रकार आहे. २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यासाठी सोळा तासांहून अधिक उपवासाची अट होती. २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती आठ तासांवर आली. ज्यांना मुळात अर्धशिशी आहे त्यांना हा त्रास अधिक होतो. १९९५ साली इस्राएलमध्ये योम किप्पुरच्या उपवासासंबंधी एका रुग्णालयातील कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. उपवास करणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांचे डोके दुखले, न करणाऱ्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. तेथीलच २०१० च्या एका लहान अभ्यासात अर्धशिशीच्या ३२ मुस्लीम रुग्णांना रमजानच्या महिन्यात सरासरी नऊहून अधिक दिवस त्रास झाला. एरवीच्या महिन्यात तो चार दिवसांहून कमी होता. रक्तातील साखर उतरणे, पाणी कमी पडणे, चहा-कॉफी तुटणे, झोपेची वेळ बदलणे अशी अनेक कारणे सुचवली जातात. कोणतेही एक पुरेसे ठरलेले नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अमेरिकेत १९२० च्या दशकात अपस्मारावर आधी उपवास आणि मग उपवासाची नक्कल करणारा, भरपूर स्निग्ध व अत्यल्प पिष्ट असा ‘केटोजेनिक’ आहार वापरला गेला आणि त्याच दशकाच्या अखेरीस तो अर्धशिशीवरही करून पाहिला गेला. अलीकडे इटलीत झालेल्या छोट्या प्रयोगांनी त्या कल्पनेला थोडा आधार दिला आहे. तेव्हा नियमित, सवयीच्या झालेल्या मर्यादित आहाराने काही रुग्णांना गुण येत असेल, ही शक्यता नाकारता येत नाही. पण एकादशीचा एका दिवसाचा उपवास आणि महिनोन्महिने पाळलेली आहारपद्धती या शरीराच्या दृष्टीने भिन्न गोष्टी आहेत. लोकांच्या बोलण्यात त्या एक होतात, गोंधळ तेथे आहे.

जोहान्सबर्गची न्याहारी

उपवासाने डोकेदुखी गेल्याचा भारतीय वाचकाला परिचित असलेला सर्वांत ठळक दाखला महात्मा गांधींच्या आत्मचरित्रात आहे. जोहान्सबर्गला असताना त्यांना बद्धकोष्ठ होता आणि वारंवार डोके दुखे. मँचेस्टरमध्ये न्याहारी-त्याग करणाऱ्यांची एक संस्था निघाल्याचे त्यांच्या वाचनात आले. इंग्रज लोक फार वेळा आणि फार खातात, म्हणून त्यांनी निदान सकाळचे खाणे सोडावे, असे त्या मंडळींचे म्हणणे होते. अशा विचाराचा पाया अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या डॉ. ड्युई यांनी घातला होता. त्यांचे न्याहारी सोडण्याविषयीचे पुस्तक १९०० साली प्रसिद्ध झाले. गांधींनी न्याहारी सोडली. काही दिवस जड गेले, पण डोकेदुखी पार नाहीशी झाली. आजच्या भाषेत हेच ‘इंटरमिटंट फास्टिंग’.

या दाखल्यात लोक एक वाक्य वाचतात आणि आधीची दोन वगळतात. गांधींनी स्वतःविषयी स्पष्ट लिहिले आहे की त्या काळी ते तीन वेळा भरपेट जेवत, शिवाय दुपारचा चहा असे, आणि ते मिताहारी नव्हते. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्षही तेवढाच नेमका : आपण गरजेपेक्षा अधिक खात होतो. त्यांनी उपवासाला डोकेदुखीचे औषध म्हटले नाही, अध्यशनाला तिचे कारण म्हटले. चरकाच्या सिद्धिस्थानाशी हे तंतोतंत जुळते, त्यांनी ते वाचलेले असो वा नसो.

पुढे युस्ट, कूने यांच्या निसर्गोपचारातून गांधींचे आरोग्यविचार आकाराला आले. १९३६ पासून त्यांचे वास्तव्य सेवाग्रामला होते. १९४६ साली त्यांनी उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराचे केंद्र उघडले. सेवाग्राम म्हणजे चंद्रपूरचा शेजार. तेथील विचारांचे वारे वरोऱ्यापर्यंत सहज पोहोचत. आनंदवन उभे करणाऱ्या बाबा आमटे यांच्यावरील सेवाग्रामचा संस्कार सर्वश्रुत आहे. मात्र आनंदवनाने, आणि १९७३ पासून हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाने, या भागात पहिला प्रश्न हाती घेतला तो माणसाच्या पोटात अन्न जाण्याचा, हे नोंदवण्यासारखे आहे.

विदर्भातच या विचाराला नवे रूप मिळाले. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार आपल्या व्याख्यानांतून मांडला. २००४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो विचार व्यवस्थित मांडून महाराष्ट्रभर नेला : कडकडून भूक लागेल त्या दोन वेळा ओळखाव्यात, पंचावन्न मिनिटांत जेवण संपवावे, मधे काही खाऊ नये. त्यांचा भर वजन आणि मधुमेह यांवर होता. अर्धशिशीचा उपाय हे लोकांनी जोडलेले शेपूट आहे. थोडे थोडे वारंवार खावे, असे सांगणाऱ्यांशी २०१८ च्या सुमारास या पक्षाचा वृत्तपत्रांतून मोठा वाद रंगला. तो वाद वाचताना मराठी भाषेतलाच एक शब्दप्रयोग सारखा आठवतो. ‘दोन वेळची भ्रांत’ असे आपण गरिबीचे वर्णन करतो. ज्या समाजात दोन वेळचे जेवण ही मिळवण्याची गोष्ट होती, तेथे दोनच वेळा जेवणे हा नियम म्हणून सांगावा लागला, हे एका वर्गाचा आहार शंभर वर्षांत कोठून कोठे गेला याचे मापच होय.

झाडीपट्टीचे पंचांग

चंद्रपूरचा पश्चिम भाग ज्वारी-कापसाचा, पूर्वेकडील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही हा प्रदेश आणि वैनगंगेपलीकडील गडचिरोली (१९८२ साली स्वतंत्र जिल्हा) हा धानाचा, तळ्यांचा आणि जंगलाचा. या झाडीपट्टीत उपवासाचा प्रश्न श्रमाच्या पंचांगावरून वाचावा लागतो.

धानाची रोवणी आषाढ-श्रावणात होते. वाकून, चिखलात पाय रोवून, पावसात दिवसभर चालणारे हे काम मुख्यतः स्त्रिया करतात. श्रावणी सोमवार, शनिवार, नागपंचमी, एकादशी हे उपवासही याच काळातले. पुढे भाद्रपदात हरतालिका, अनेकींची निर्जळी. आश्विनात नवरात्राचे नऊ दिवस, तेव्हा हलके धान कापणीला येऊ लागलेले असते आणि भारी धान अजून उभे असते. चातुर्मासाच्या उपवासांचा काळ आणि जुने धान्य सरून नवे घरात न आल्याचा काळ जवळजवळ एकच आहे. धर्मशास्त्राने हे जाणून केले असे म्हणण्यास आधार नाही. परंतु ज्या घरात कणगीचा तळ दिसू लागला आहे तेथे व्रताने उपाशी राहणे आणि धान्य पुरवून खाणे यांच्यातील सीमारेषा धूसर होते, हे कोणीही मान्य करील. त्या दिवशीचे उपाशीपण पुण्यखात्यात जमा होते, आणि डोके दुखले तर तोही व्रताचाच भाग मानला जातो.

उपवासाचा फराळही घरागणिक बदलतो. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची ही आजची उपवासाची सामग्री. साबुदाणा ज्यापासून होतो तो कसावा धरून या चारही वनस्पती मुळात अमेरिका खंडांतल्या. हेमाद्रीच्या व्रतखंडात त्यांना स्थान असणे शक्यच नव्हते. भगर, रताळी यांच्या जोडीला झाडीपट्टीत तळ्यातला शिंगाडा आहे, ढीवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या लावलेला आणि काढलेला. पण तो बाजारात विकायचा माल. काढणाऱ्याच्या घरी उपवासाला उरेलच असे नाही. चहा मात्र सर्वत्र चालतो. १९३० च्या दशकापासून चहाच्या जाहिरातीने खेडोपाडी जे मूळ धरले त्यामुळे उपवासाचा अर्थ पुष्कळ घरी ‘दिवसभर चहावर’ असा झाला आहे. ज्या व्रतात चहाही वर्ज्य, त्या दिवशीची डोकेदुखी काही अंशी चहा तुटल्याची असते, हे आता वैद्यकालाही मान्य आहे.

माडिया आणि गोंड समाजाची रीत वेगळी आहे. तेथील ‘पंडुम’ या सणांत नव्या आंब्याचे, नव्या धान्याचे प्राशन देवांना आणि पूर्वजांना अर्पण केल्यानंतरच होते. तोवर ते फळ, ते धान्य वर्ज्य. हा संयम वस्तूपुरता आहे. पोट रिकामे ठेवणे हा त्याचा हेतू नाही. आंबील, पेज, कंदमुळे चालूच असतात. मात्र येथेही उपाशीपण आहे, ते कामाचे. चैत्रात मोहफूल वेचायला पहाट होण्याआधी निघावे लागते. वैशाखाच्या उन्हात तेंदूपान तोडणारी माणसे तांबडे फुटण्याआधी जंगलात शिरतात आणि परततात तेव्हा सूर्य डोक्यावर आलेला असतो. पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या प्रदेशात उपाशी पोट, ऊन, डोक्यावरचा भारा आणि अपुरे पाणी एकत्र आले की डोके दुखणे हा अपवाद राहत नाही. चरकाची यादी येथे शब्दशः भेटते : उपवास, भार, मार्ग.

या भागात आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार दोन्ही जिल्ह्यांत बऱ्याच प्रमाणात आढळतो आणि शरीरातील पाणी कमी होणे हे त्यातील वेदनेच्या झटक्याचे एक प्रमुख कारण आहे. अशा रुग्णाला निर्जळी घातक ठरू शकते. गडचिरोली हा हिवतापाचाही जिल्हा. तेथे डोके दुखू लागले तर आधी रक्त तपासणे शहाणपणाचे, कारण उपवासाच्या नावावर हिवताप अंगावर काढला जाऊ शकतो. १९८९ साली डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी वसा व अमिर्झा या गडचिरोलीतील दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे दिसले. त्यांतील फार थोड्यांनी कधी उपचार घेतले होते. स्त्रिया किती मुकाट्याने सोसतात हे त्या एका अभ्यासाने दाखवले. डोकेदुखीचा हिशेब त्याच मौनात बुडालेला आहे.

महाशिवरात्रीला वैनगंगेच्या काठी मार्कंडादेवाची यात्रा भरते. उपाशी पोटी चालत येणाऱ्यांत जसे व्रत म्हणून उपाशी असलेले असतात तसे घरून काही न खाताच निघालेलेही असतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोघांत फरक दिसत नाही. नदीच्या वाळूत दुपारच्या उन्हात कपाळाला घट्ट पदर बांधून बसलेली बाई कोणत्या उपवासाची आहे, हे तिला विचारल्याशिवाय कळणार नाही.